शालनबाईंचे मोकळे हात

पंचावन्न साली मी चाकणच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. कामं दोन. औषधाच्या बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून डोसाच्या खुणा करायच्या, आणि गावातली बातमी शिळी व्हायच्या आत अर्जुनरावांच्या हॉटेलात पोचवायची. पहिल्या कामाचा पगार मिळायचा. दुसरं मी फुकट करायचो आणि, खोटं कशाला बोलू, तेच मला जास्त चांगलं जमायचं.

त्या वर्षी दवाखान्यात नर्स म्हणून शालनबाई साबळे आल्या. साताऱ्याकडच्या, वय तिशीच्या आतबाहेर, पुण्यात बाळंतपणाचं शिक्षण घेऊन रीतसर पास झालेल्या. एसटीतून उतरल्या आणि कुणाला न विचारता सरळ दवाखान्याच्या दिशेनं चालू लागल्या. हॉटेलातल्या बाकावर चहा निवला, एवढं आम्ही बघत होतो. पांढरं पातळ, पायात बाप्याच्या चपला, खांद्याला कातडी पिशवी. कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. आणि दोन्ही हात मोकळे. काकण नाही, पाटली नाही, काही नाही.

"कुकू हाय, मनी हायती, मग हात का वं उघडं?" अर्जुनराव गल्ल्यावरून म्हणाले. "न्हवरा हाय का न्हाई?"

"अर्धा आसंल," उद्धवराव म्हणाले.

हॉटेल हसलं. मीही हसलो, आणि संध्याकाळपर्यंत ते वाक्य माझंच म्हणून चार ठिकाणी सांगून आलो.

नवरा होता. मुंबईत गिरणीत. दुसरी बाई ठेवून राहिला होता, पाच वर्षांत एक पत्र नाही. हे शालनबाईंनी डॉक्टरांच्या बायकोला सांगितलं आणि मी दाराआडून ऐकलं. माझे कान तेव्हा फार चांगले होते.

हात मोकळे का, हे मात्र त्यांनी कधी लपवलं नाही. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायच्या, "बांगडीखाली मळ राहतो. तोच मळ बाळंतिणीच्या अंगात गेला की ती तापानं जाते. म्हणून कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि धुवायचे तर मोकळे हवेत." बाया मान डोलवायच्या आणि घरी जाऊन म्हणायच्या, आमच्या सुइणी काय आंघोळ करत न्हाईत व्हय? उघड्या हाताची बाई बाळंतिणीच्या खोलीत घ्यायची म्हणजे अपशकुनाला पाट मांडून बोलवायचं.

पहिल्या वर्षी त्यांना बोलावलं ते फक्त वेशीबाहेरच्या वस्तीनं, जिथं शकुन बघायला घरात म्हातारी नव्हती. बाकी गाव नुसतं बघायचं. चालतात फौजदारासारख्या, म्हणून शालनबाई हळू चालायला लागल्या. डोकं उघडं, म्हणून पदर घेतला. छत्री पुरुषी, म्हणून उन्हातून जायला लागल्या. एकदा माझ्याच कुठल्यातरी चावटपणावर मोठ्यानं हसल्या. दुसऱ्या दिवशी हॉटेलात त्या हसण्याची नक्कल झाली. मीच केली. ती त्यांच्या कानावर गेली असावी, कारण पुन्हा त्या तशा हसल्या नाहीत. एकेक गोष्ट सोडत गेल्या. हात तेवढे सोडले नाहीत.

मग हिंदुरावांच्या वाड्यावरून निरोप आला. सून विमल पहिलटकरीण, दोन दिवस अडली होती. डॉक्टर पुरुषमाणूस, त्यांना बाळंतिणीच्या खोलीत कुणी घेत नसे. म्हातारी सुईण सावित्रीबाई स्वतःच म्हणाली, आता नर्सबाईला बोलवा, माझ्या हातातलं राहिलं न्हाई. मी पिशवी घेऊन मागं गेलो. दारात सासू सुभद्राबाई उभ्या, आणि त्यांच्या शेजारी, तुम्हाला पटणार नाही, बांगड्यांची पेटी उघडून गावचा कासार बसलेला.

"माझ्या सुनंच्या खोलीत उघड्या हातानं कुणी जायचं न्हाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "आधी चुडा भरा, मग आत."

"आई, मला हात धुवायचेत."

"धुवा की. चुड्यावरनं धुवा."

आतून विमल ओरडली. शालनबाईंनी कासारापुढं दोन्ही हात केले. हिरव्या काचेच्या आठ-आठ बांगड्या त्यानं दाबून भरल्या, अगदी घट्ट. सैल बांगडी भरणारा कासार आमच्याकडं कासारच नव्हे.

मुलगा झाला. पण वार पडेना, आणि रक्त थांबेना. शालनबाई न्हाणीपाशी धावत आल्या. हात आत घालून वार काढावी लागणार होती, त्यासाठी बांगड्या उतरायला हव्या होत्या. साबण लावला, ओढल्या. बोटांच्या सांध्यांवरून एकही सरकेना.

"बाई, वाढवू नगा हां," सुभद्राबाई रडकुंडीला आल्या. "एका पोराचा बाप हाय आता माझा ल्योक."

आमच्याकडं बांगडी फुटली असं तोंडानं म्हणतसुद्धा नाहीत, वाढली म्हणतात. दोन्ही हातांचा चुडा एकदम फुटतो तो नवरा गेल्यावर, आणि बाळंतिणीच्या घरात फुटला तर तो अपशकुन तिच्या नवऱ्यावर, अशी समजूत. शालनबाईंनी सुभद्राबाईंकडं एकदाच पाहिलं, आणि दोन्ही मनगटं न्हाणीच्या दगडावर आपटली. काच रुतली होती ती उपटली, औषधाच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि आत गेल्या. थोड्याच वेळात वार निघाली, रक्त थांबलं. विमल जगली.

निघताना त्यांना कुणी हळदकुंकू लावलं नाही. बायांनी त्यांच्याकडं पाठ केली होती, आणि न्हाणीतल्या काचा कुणी वेचायच्या यावरून त्यांची कुजबुज चालली होती.

आता माझं ऐका. दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात गेलो आणि ही हकिगत रंगवून सांगितली. देवाशपथ, कौतुकानं सांगितली. उभा राहून हात आपटून दाखवले. "खळ्ळकन्! आन् वाघिणीसारखी आत!" शेजारच्या बाकावर ज्योतीराम होता. आमच्या दवाखान्याच्या मागंच त्याचं घर. त्यानं मला टाळी दिली.

उद्धवरावांनी मात्र बशी खाली ठेवली. "बाळंतिणीच्या घरात चुडा फोडला?"

"अहो, पण पोरगी वाचली!"

"ते झालं. पन फोडला न्हवं?"

विमलबद्दल एकानंही विचारलं नाही. बाजाराच्या दिवशी गोष्ट आळंदीपर्यंत गेली. हिंदुरावांच्या लेकाला तेव्हा साधं पडसं झालं होतं. गोष्टीत तो अंथरुणाला खिळला. मी सांगत सुटलो की पडसं हो, नुसतं पडसं! पण चाकणात माझ्या खोट्या बातमीवर जेवढा विश्वास होता, तेवढा खऱ्या बातमीवर कधीच नव्हता.

त्यानंतर वस्तीनंही शालनबाईंना बोलावणं थांबवलं. एक छबूबाई तेवढी दवाखान्यात येत राहिली. ती ज्योतीरामची बायको, तिसऱ्या खेपेची गरोदर. मिक्श्चर घ्यायला यायची आणि तासभर बोलत बसायची. "बाई, माझ्या येळंला तुमीच हां. मला त्या भीतीबीतीचं काय न्हाई."

शालनबाईंनी तिच्यासाठी काय केलं असेल? बाजारातून मापाहून मोठ्या बांगड्या आणल्या. हात झटकला की गळून पडतील अशा. मला दाखवल्या आणि म्हणाल्या, "आता तरी नाही ना म्हणणार कुणी?" तेवढ्यापुरतं हसल्यासारखं केलं.

छबूबाईची वेळ भरदुपारी आली. मूल झाल्याचा आवाज आम्हाला दवाखान्यात ऐकू आला. पाठोपाठ सावित्रीबाईंचा ओरडा. शालनबाई बोलावणं न येताच पिशवी घेऊन पळाल्या, मी मागं. दारात ज्योतीराम आडवा उभा होता.

"न्हाई बाई. तुमी आत नका जाऊ."

"हे बघा, हात भरलेत माझे. बघा!"

"पुन्यांदा फोडाल. मला दोन पोरं हायती, आता हे तिसरं. मी मेलो तर त्यास्नी कोन हाय?"

तो वाईट माणूस नव्हता. चौकट दोन्ही हातांनी धरून होता बिचारा. शालनबाईंनी त्याच्या पायाला हात लावला, तरी तो हलला नाही. मग त्या घराच्या कुडाच्या भिंतीपाशी गेल्या आणि कुडाला तोंड लावून ओरडल्या, "सावित्रीबाई, वार ओढू नका! पोटावर हात ठेवून चोळा! बाळ अंगावर लावा तिच्या!"

"लावलंय बाई! रगत थांबंना!"

"मूठ करा आणि ओटीपोटावर दाबा! जोरात! छबू बोलते का?"

"बोलती! तुमास्नी बोलवती!"

शालनबाईंनी ज्योतीरामकडं पाहिलं. त्यानं तोंड फिरवलं. त्या पुन्हा कुडाकडं वळल्या आणि सांगत राहिल्या, घसा बसेपर्यंत. आतून उत्तर यायचं थांबलं तरी सांगत होत्या. शेवटी सावित्रीबाई बाहेर आल्या, दोन्ही हात पुढं धरून, आणि उंबऱ्यातच बसल्या. आत फक्त मूल रडत होतं.

तिसऱ्या दिवशी शालनबाई डॉक्टरांपुढं उभ्या राहिल्या. बदलीचा अर्ज हवा होता. माझं अक्षर चांगलं, म्हणून लिहायला मी बसलो.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

"हवापाणी मानवत नाही, असं लिहा."

मी लिहिलं. एवढं एक वाक्य लिहायला मला फार वेळ लागला. शालनबाईंनी सही केली तेव्हा मी म्हणालो, "बाई, हॉटेलात ती गोष्ट मीच..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "चांगलं म्हणूनच सांगितलीत, तेही माहीत आहे."

आणि अर्ज माझ्याकडं सरकवून म्हणाल्या, "तारीख राहिली."

मी तारीख घातली.