समोरच्या खिडकीतलं ऊन

बाळांनो, यंदा आवळासुपारी अजून का आली नाही, असं तुम्ही परवा विचारलंत. फोनवर मी सांगायला लागले की तुमचे आजोबा मधे बोलतात आणि कुठलीच गोष्ट क्रमाने होत नाही. म्हणून लिहून कळवते.

वारज्यातल्या घराची आपली बाल्कनी पूर्वेला आहे, हे तुम्हाला आठवत असेल. थंडीत सकाळी ऊन आधी आजोबांच्या खुर्चीवर यायचं, मग फरशीवर उतरायचं. तेवढ्या वेळात माझी बरीच कामं व्हायची. बाटलीत गोठलेलं खोबरेल पातळ व्हायचं, मोजे वाळायचे, आणि आलं, ओवा, काळं मीठ लावलेल्या आवळ्याच्या फोडी ताटात हळूहळू कडक होत जायच्या.

यंदा समोर उंच इमारत उभी राहिली आणि सकाळचं ऊन बंद झालं. फोडी पसरल्या, पण त्या ओल्याच राहिल्या. आजोबांनी ओव्हन सुचवला आणि मी ऐकलं. फोडी बाहेरून करपल्या, आतून चिकट राहिल्या. एक तोंडात टाकून ते म्हणाले, "कोळसा बरा झालाय. जरा आंबट आहे." तुम्हाला यंदा सुपारी पाठवता येणार नाही, असं मी जवळजवळ धरूनच चालले होते.

मग एका दुपारी पाहते तर बाल्कनीच्या फरशीवर उन्हाचा चौकोन. सूर्य तर आपल्या इमारतीच्या मागे गेलेला. मी हात धरून पाहिला, ऊब होती. वर बघितलं तेव्हा उलगडा झाला. समोरच्या इमारतीत, आपल्याहून बऱ्याच वरच्या मजल्यावर एक मोठी काच होती, आणि तिच्यावर आपटून पश्चिमेचं ऊन आपल्याकडे परत येत होतं. मी धावत आवळ्यांचं ताट आणून चौकोनात ठेवलं. थोड्या वेळाने चौकोन नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशीही तसंच. ती काच सरकत्या खिडकीची होती, आणि वर कुणीतरी ती उघडली की ऊन जात होतं.

असल्या कामासाठी अनोळखी माणसाची बेल वाजवू नये, असं आजोबांचं मत पडलं. तरीही मी गेले. नागपूरहून नुकतीच राहायला आलेली एक बाई होती, घरूनच ऑफिसचं काम करणारी. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे काकू, पुण्यात ऊनसुद्धा शेजाऱ्याकडे मागावं लागतं का?"

"ऊन सूर्याचं आहे," मी म्हटलं. "तुम्ही फक्त खिडकी लावा."

ती हसत सुटली. पुण्याची थंडी तिला थंडी वाटतच नव्हती. दुपारी घर तापतं म्हणून ती खिडकी उघडत होती. चहाच्या वेळेपर्यंत बंद ठेवीन, पण सुपारी कशी करतात ते मला शिकवा, अशी अट तिने घातली. ती मी लगेच मान्य केली.

त्या दिवसापासून मी ताट घेऊन चौकोनामागे सरकत असते. हे काचेतलं ऊन सकाळच्या उन्हाइतकं कडक नसतं. त्यात नेमकं काय कमी पडतं, हे मला अजून समजलेलं नाही. तुमच्यापैकी जो विज्ञान शिकतो आहे त्याने सांगावं. फोडींना वेळ फार लागला आणि रंग थोडा काळपट आला. पण त्या वाळल्या. एक बाटली वर तिच्याकडे दिली, तुमचं पाकीट आज रवाना केलं.

सकाळचं ऊन गेलं. दुपारचं आहे, आणि आपल्या घरात आवळासुपारी अजून होते.