तसबिरीखालची पट्टी

"आवं वहिनी, खतवाल्याची जाहिरात कशाला ठेवली?" गिऱ्हाइकं अजून भांडतात. कॅलेंडरवरचा देव फ्रेम करताना खालची दुकानाच्या नावाची पट्टी कापून टाकायची, ही आमच्या धंद्यातली साधी रीत. मी कापत नाही. भांडा म्हणावं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचे मालक मिलिटरीत, म्हणून साताऱ्यातलं फ्रेमचं दुकान माझ्याच गळ्यात. हात भराभर चालायचा, तोंड त्याहून. एक दिवस एक रिटायर झालेल्या नर्सबाई आल्या, मूळच्या गोव्याच्या, ख्रिस्ती. पिशवीतून चित्र काढलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, फार जुनं, नुसत्या काळ्या रेघांचं. येशूची आई. छातीत सात तलवारी, डोळे वर, वस्त्र वावटळीत सापडल्यागत. पायाशी कागद बोटं लागून लागून पांढरा पडलेला.

"रोज संध्याकाळी आम्ही दोघं यापुढं माळ जपतो," बाई म्हणाल्या. "हे अंथरुणाला खिळलेत. कागदाचे तुकडे पडायला लागलेत. काच बसवून द्या."

चित्राखाली परक्या भाषेतली ओळ होती, तिच्याखाली पुसट पेन्सिल. मला वाटलं, छापखान्याची जाहिरात. कापली. दुसऱ्या दिवशी सगळ्या कातरणांवर अंघोळीचा बंब पेटवला.

फ्रेम हातात घेतली आणि बाई स्टुलावर बसल्याच. पेन्सिलीनं त्यांच्या मुलीचं नाव लिहिलेलं होतं, त्यांच्याच तोंडून कळलं. चार वर्षांची होऊन गेलेली. जप संपला की नवरा त्या नावावर बोट ठेवून ते म्हणायचा. आजारात बाकी सगळं बोलणं गेलं, तेवढं एक नाव राहिलं होतं.

"वाचून तरी बघायचं," रागाचं म्हणून एवढंच बाई बोलल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी पळत जाऊन मी बंबातली राख उपसली. काय मिळणार, कपाळ! जिवाला चैन पडेना. संध्याकाळी पिशवीत पक्कड टाकून त्यांच्या घरी गेले.

जप संपला. म्हाताऱ्याचं बोट सवयीनं खाली गेलं आणि लाकडाला लागलं. परत वर गेलं, परत लाकडाला. तोंड उघडं, आवाज नाही. बाईंनी ते बोट धरून माउलीच्या पायावर ठेवलं, "ती इथं आहे, हिच्याजवळ." बोट काचेवरून घसरलं.

मग मला राहवलं नाही. तिथंच खिळे उपटले, काच काढली. बोट त्या झिजलेल्या कागदावर बराच वेळ थांबलं. बाई आणि मी म्हाताऱ्याच्या ओठांकडं बघत राहिलो.

नाव आलं नाही. पुढंही कधी आलं नाही.