जंगलाचा टँकर

अभयारण्यातल्या पाणवठ्याला अर्धा पैसा सरकारनं दिला, अर्धा एका कंपनीनं. मागितला मात्र मी. मी गावच्या वन समितीची अध्यक्ष, आणि आमचा भाजीचा मळा जंगलाला लागून. उन्हाळा लागला की रोही, म्हणजे नीलगाई, पाण्यासाठी खाली उतरायचे आणि धाड गावच्या बाजारात न्यायची मेथी रातोरात साफ करायचे. त्यांना वरच पाणी द्या, म्हणून मी बैठकीत भांड भांड भांडले. कंपनीच्या साहेबांना पटलं. मी चांगलीच फुशारले, खोटं कशाला सांगू.

पाणवठा झाला आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. होळीपर्यंत गावातल्या विहिरी तळाला गेल्या. पाणवठाही आटला, पण तो टँकरनं भरायची तरतूद होती. गावाचा टँकर अजून मंजुरीतच अडकलेला.

जंगलाचा पहिला टँकर गावातूनच गेला, दुसरा रस्ताच नाही. पुढे जीपमध्ये कंपनीचे साहेब. माझी सासू रिकामा हांडा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"हे पाणी कोठी चाललं?"

"आजी, हे प्राण्यांसाठी आहे," साहेब नरमाईनं म्हणाले. "निधी त्याच कामाचा आहे. दुसरीकडे देता येत नाही."

"मंग मलेबी रोही लिहून घ्या."

बाया हसल्या, साहेबही हसले. सासू हसली नाही. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला तर वाटत होतं, आपणच जाऊन टँकरचा नळ उघडावा. पण आज अडवला तर कंपनी हात काढून घेणार, आणि पुढच्या साली रोही पुन्हा आमच्याच दारात.

"आई, सरका बाजूले," मी म्हटलं. "जाऊ द्या त्याले."

ती सरकली. घरी आल्यावर म्हणाली, "जनावरालेबी तहान लागतेच, बाई. तुह्यावर राग नाही. पण मले तहान लागून राह्यली." मला फार वाईट वाटलं.

मृगाच्या तोंडावर साहेब पाहणीला आले.

"ताई, यंदा रोह्यांनी पिकाचं किती नुकसान केलं?"

"काहीच नाही."

साहेब खूश झाले. प्रकल्प यशस्वी झाला म्हणाले, अभिनंदनही केलं माझं. माझं डोकंच फिरलं. मी त्यांना मळ्यापर्यंत चालवत नेलं. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत नुसती ढेकळं.

"पाहा साहेब," मी म्हटलं. "एक पान खाल्लं नाही त्याईनं. लावाले पाणीच नव्हतं."