ट्रेसिंगवरचं खरवडलेलं नाव

मंडळी, आज दुपारी अंधेरीच्या आमच्या जुन्या कारखान्यातले ड्राफ्ट्समन मुलुंडला जमलो होतो.

ऐंशी पार केलेल्या आमच्या तेव्हाच्या साहेबांनी पिशवीतून एक ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावरचं ड्रॉइंग, बाहेर काढलं. पंच्याऐंशी साली आमच्या कदमने आखलेलं यंत्राचं ड्रॉइंग. साहेबांनी तेव्हा ब्लेडने त्याचं नाव खरवडून स्वतःचं घातलं आणि बढती मिळवली. आम्ही सगळे गप्प बसलो.

साहेबांनी सगळ्यांसमोर पेन पुढे केलं. "कदम, काम तुझं. मी चोरलं. घे, नाव लिही."

कदम म्हणाला, "साहेब, खोडलंत तुम्ही, लिहा पण तुम्हीच."

साहेबांनी चष्मा पुसला आणि सावकाश कदमचं पूर्ण नाव लिहिलं. कदम शाई वाळेपर्यंत बघत राहिला.

या वयात असं कबूल करायला केवढं काळीज लागतं. पण तेव्हा गप्प बसलेल्या आम्हा बाकीच्यांनी आता काय करायचं, सांगाल?