कढीपत्त्याची डहाळी

चांदीचे दागिने घडवणाऱ्या त्या बाईंच्या टेबलावर चांदीची झाडं उगवल्यासारखी वाटत होती. लाजाळूच्या पानाची कर्णफुलं, नाचणीच्या कणसाचं पदक, सगळं हातानं घडवलेलं. मी सोबत आणलेलं पुस्तक उघडलं आणि कढीपत्त्याची वाळकी डहाळी त्यांच्यापुढे ठेवली. स्वयंपाक करता करता वाचायची माझ्या पत्नीची सवय होती. हाताला येईल ते ती खूण म्हणून पुस्तकात ठेवायची. ती गेली तेव्हा ही डहाळी तिच्या अर्ध्या वाचलेल्या पुस्तकात राहिली. मुलीसाठी मला या डहाळीचं पदक करून हवं होतं.

"लोक मोगरा आणतात, काका. तुम्ही थेट फोडणीच घेऊन आलात!" त्या हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण डहाळी परत मिळणार नाही. साच्यात घालून ती भट्टीत जाळावी लागते. मागे तिच्या आकाराची पोकळी उरते, त्यात मी चांदी ओतते."

दोन वर्षं मीही एक पोकळी सांभाळत आलो आहे. तिच्यात काही ओतता येतं, हे मला कधी सुचलं नव्हतं.

डहाळी नाकाशी नेली. वास केव्हाच उडून गेला होता.

"करा," मी म्हणालो आणि पुस्तक मिटलं.

रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, ती वाचताना कुठे थांबली होती ते मी पाहिलंच नाही.

आता पहिल्या ओळीपासून वाचतो आहे, अगदी सावकाश. दर थोड्या वेळानं वाटतं, इथेच कुकरची शिट्टी झाली असेल आणि ती उठली असेल.