दादाची साक्ष

दादाला कोर्टाचं समन्स आलं तेव्हा आमच्याकडे भाताचा रोवणा चालू होता. वहिनी दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकलेली, तिला सगळं टाकून निघणं शक्य नव्हतं. मी भंडाऱ्याला नोकरीला होते, लग्न व्हायचं होतं, रजाही मिळण्यासारखी होती. म्हणून दादासोबत जम्मूला जायचं काम माझ्याकडे आलं. निघताना वहिनीनं मला बाजूला घेऊन बजावलं, गाडीत कोणी गप्पा मारायला लागलं की हा माणूस सगळा डबा वाटून टाकतो, तेवढं लक्ष ठेव.

अड्याळजवळचं आमचं गाव, आणि तलावातल्या मासोळीवर चाललेलं आमचं घर. दादा त्यातून निघून सैन्यात गेला. काश्मीरमध्ये रस्त्यात पुरलेल्या स्फोटकानं त्याचा डावा पाय गुडघ्याखालून नेला. गाडीतले दोन सोबती जागीच गेले. घरी आल्यावर बरेच महिने तो खाटेवर बसून जाळी विणायचा. मग एका सकाळी कोणाला न विचारता डोंग्यात जाऊन बसला. डोंग्यात चढण्याआधी नकली पाय काढून काठावर उभा करून ठेवायचा, चपलेसकट. नवा माणूस तलावावर आला की दचकायचा, आणि दादा पाण्यातूनच हसायचा.

ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची होती त्याला आम्ही कधी पाहिलं नव्हतं, तरी घरातले सगळे ओळखत होते. दादा तिकडे असताना त्याच्या छावणीच्या रस्त्यावर एका तरुण शिंप्याचं दुकान होतं. जवानांच्या वर्द्या तोच उसवायचा, तोच शिवायचा. दादाची फोनवरची अर्धी बडबड त्याच्याबद्दल असायची. तो आपल्या तलावाबद्दल विचारतो, उन्हाळ्यात तलाव आटतो हे त्याला खरंच वाटत नाही, असं काहीबाही. वहिनीसाठी त्यानं एक फेरन, तिकडचा लोकरी झगा, शिवून पाठवलं होतं, गळ्याशी बारीक वेलबुट्टी काढलेलं. वहिनी थंडीत ते घालून शेकोटीजवळ बसायची आणि आल्यागेल्याला दाखवायची.

स्फोटानंतर कळलं, की गाड्या कधी निघतात, कोणत्या वळणावर हळू होतात, हे त्या दुकानातून पुढे जात होतं. वहिनीनं ते फेरन विळ्यानं फाडायला घेतलं. दादा खाटेवरून म्हणाला, "शिवण काही वाईट नाही, कायले फाडून राहिलीस?" ती रडत होती, आणि त्याच्या या बोलण्यावर तिला हसू आलं. त्याचाच तिला जास्त राग आला. फेरनाच्या चिंध्या झाल्याच.

जम्मूच्या कोर्टात बाहेरच्या बाकावर आम्हाला एक बाई भेटली. पन्नाशीची, डोक्यावरून काळी शाल, हातात डबा. दादाचा पाय पाहून तिनं सरकून जागा दिली. तीही त्याच माणसाविरुद्ध साक्ष द्यायला काश्मीरमधल्या गावाहून आली होती. तिचा नवरा शाळामास्तर होता आणि त्या माणसानं त्याला दारात गोळ्या घातल्या होत्या. मी तिला काय म्हणावं या विचारात होते. तीच म्हणाली, बाजी म्हणा, तिकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं.

दोन दिवस आमचा नंबर लागला नाही. त्या बाकावर बसून बाजीनं त्या माणसाची सगळी हकिकत सांगितली. बाप लहानपणीच आजारात गेला, आईनं दुसरं घर केलं, आणि हा काकाकडे राहिला. मास्तरांनी त्याला शाळेत घातलं. संध्याकाळी अभ्यासाला तो त्यांच्याच घरी असायचा आणि जेवूनच जायचा. बाजीच्या मुलीबरोबर एका ताटात जेवायचा. पुस्तकात मन रमेना, तेव्हा मास्तरांनीच त्याला शिवणकामाला लावलं. बाजीच्या घरातले पडदे त्याच्या हातचे होते.

ओठावर लव फुटली तेव्हा काही माणसांच्या बैठकीला जायला लागला. तिथून आला की मास्तरांना धर्म शिकवायचा. भिंतीवरचे फोटो काढा, मुलीला शाळेतून काढा, लग्नात गाणी नको. त्या लोकांचं म्हणणं असं, की जो त्यांच्यासारखा चालणार नाही तो शत्रू, मग तो नमाजी का असेना. मास्तर आधी समजावत, मग भांडत. एक दिवस तो निघून गेला. पुढे तो छावणीजवळ दुकान घालून बसला आहे, हे ऐकून बाजीला बरं वाटलं होतं. पोरगा मार्गाला लागला असं वाटलं.

स्फोटानंतर तो जंगलात पळाला. गावातल्या तरुणांना मास्तर उघड सांगत, की याच्यामागे जाऊ नका. त्याला वाटलं, पोलिसांना खबर तेच देतात. एका दुपारी तो दारात आला, सलाम केला, पाणी मागितलं. बाजी पाणी आणायला वळली. ग्लास हातात घेऊन बाहेर आली तेव्हा मास्तर उंबऱ्यावर पडले होते आणि तो अंगणातून शांतपणे चालत जात होता. पुढे त्यानं एका फळवाल्याला खबऱ्या ठरवून मारलं. त्या फळवाल्याचा यातल्या कशाशीच संबंध नव्हता. शेवटी एका नातेवाइकाच्या गवताच्या कोठीत तो सापडला.

सांगताना बाजी रडली नाही. दादाच्या डोळ्यांना मात्र धार लागली होती. बाजीनं डबा उघडून त्याच्या हातात रोटी दिली, तसा तो जेवायला लागला.

साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकील भेटले. स्फोटाच्या वेळी आरोपीच्या हातात सुरुंग उडवायचं बटण दिसलं, एवढं सांगा, म्हणजे केस पक्की होते, असं ते म्हणाले. खोलीवर आल्यावर दादा मला म्हणाला, "बाई, मी बटण पायलंच नाही. मंग कसं सांगू?"

मी त्याला म्हटलं, त्यानंच केलंय हे सगळ्यांना माहीत आहे, मग सांगून टाकायला काय हरकत आहे. तो पायाचे पट्टे सोडवायला लागला. मग म्हणाला, "तो खोटं बोलून माया दोस्त झाला होता. मले तसं बोलता येत नाही."

पिंजऱ्यातला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. बारीक चणीचा, नीट दाढी राखलेला, शर्टाची बाही आखूड झालेली. दादानं त्याला ओळखलं. त्या सकाळी वळणावर गाडी हळू झाली तेव्हा अक्रोडाच्या झाडांखाली उतारावर तो उभा होता, असं दादानं सांगितलं. सरकारी वकिलांनी विचारलं, मग तुम्ही काय केलं?

"मैंने उसको हाथ दिखाया," दादा म्हणाला. "दोस्त था ना."

हे दादानं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. दादा त्याला हात करत होता आणि तेवढ्यात गाडी उडाली. आरोपीच्या वकिलानं विचारलं, हातात बटण पाहिलं का? दादा म्हणाला, नाही. सरकारी वकिलांनी डोळे मिटून घेतले. बाहेर आल्यावर बाजी आमच्याशी बोलली नाही. शाल ओढून निघून गेली. दादाला त्याचं फार लागलं.

दुसऱ्या दिवशी बाजी साक्षीला उभी राहिली. दारात कोण आलं होतं, तिनं बोट दाखवून सांगितलं. तेव्हा तो माणूस पिंजऱ्यातून पहिल्यांदा बोलला. मी धर्माचं काम केलं, मला त्याचा पस्तावा नाही, असं काहीतरी. बाजी त्याच्याकडे वळली आणि हळू आवाजात उर्दूत म्हणाली, "नमाज तुला मास्तरांनी शिकवली. माझ्या चटईवर उभा राहून शिकलास. त्यात हे कुठे होतं?" न्यायाधीशांनी तिला थांबवलं. तो खाली बघायला लागला आणि पुढे सगळा वेळ खालीच बघत राहिला. त्याला लाज वाटली की नुसता राग आला, ते मला आजही सांगता येणार नाही.

बाहेर आल्यावर बाजी स्वतःच दादाजवळ आली. तू बटणाचं खोटं बोलला असतास, तर माझ्या साक्षीवरही त्यांनी संशय घेतला असता, असं म्हणाली. मग तिनं दादाच्या डोक्यावर हात ठेवला. दादा भारी जवान, पण त्या वेळी शाळेतल्या पोरासारखा उभा होता.

पुढे निकाल लागला. त्याला जन्मठेप झाली. दादाच्या साक्षीचा त्यात किती उपयोग झाला, मला माहीत नाही. दादानं बातमी ऐकली, त्या दोन सोबत्यांच्या घरी फोन केले आणि जाळं घेऊन तलावावर गेला.

बाजीचे फोन येत राहिले. मागच्या हिवाळ्यात ती मुलीला घेऊन आमच्याकडे आली. मुलगी आता बापासारखीच शाळेत शिकवते. पाहुणे येणार कळल्यावर वहिनीला मोठा घोर लागला, की यांना आपल्याकडचं चालेल का. दादानं फोन करून विचारलं, तेव्हा बाजी हसून म्हणाली, मासोळीला हलाल-बिलाल काही लागत नाही, मासोळी जशी आहे तशी चालते. वहिनीचा जीव भांड्यात पडला. दादानं पहाटेच मरळ आणून ठेवली.

गावात सगळ्यांनाच हे रुचलं नव्हतं. शेजारचे म्हातारे काका ओट्यावर येऊन म्हणाले, "ज्यायनं तुया पाय नेला, त्यायलेच घरात घेऊन राहिलास?"

दादानं त्यांना पिढा दिला. म्हणाला, "काका, ज्यानं माया पाय नेला, त्यानंच हिचा नवरा नेला. बसा, जेवूनच जा."

काका बसले ते अवघडून बसले. बाजीनं चिन्नोरच्या भाताचा वास घेतला आणि विचारलं, हा कुठला तांदूळ. काकांना राहवलं नाही. हा त्यांच्याच बांधीतला होता. बाजी म्हणाली, तिच्या गावचा तांदूळ याहून मऊ होतो. काका म्हणाले, मऊ भात आजाऱ्याला. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीच कळत होती, पण दोघंही हटायला तयार नव्हते. वहिनी आणि मी चुलीजवळ तोंडावर पदर धरून हसत होतो. वाद मिटवायला दोघांनीही पुन्हा पुन्हा भात मागून घेतला, आणि आम्हा दोघींना त्या दुपारी दुसऱ्यांदा आधण ठेवावं लागलं.