स्वयंपाकघरातला कोरम

आर्डिस क्वामे आणि तिचा नवरा ओरिन एकोणीस वर्षं घरात शाळेबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. भांडण नव्हतं. दोघंही सॉल्टग्रासच्या शाळा मंडळावर होते, एवढंच कारण.

सॉल्टग्रासचा शाळा-विभाग म्हणजे मोंटानाच्या पूर्व टोकाला दोनशे चौरस मैल गवत, साठ घरं आणि एक शाळा. मंडळ तीन माणसांचं. तिघांतले दोघं जमले की कोरम झाला, आणि कोरम झाला की ती सभा. सभा म्हटली की दोन दिवस आधी शाळेच्या दारावर, पोस्टात आणि दुकानात नोटीस लागली पाहिजे, ज्याला यायचं त्याला येता आलं पाहिजे, आणि चिटणीस ट्वायला बेनिंगने शब्दन् शब्द टिपला पाहिजे. पैसा लोकांचा, मुलं लोकांची, तर ठरवायचं ते लोकांच्या देखत. कायदा चांगलाच आहे. फक्त तो करणाऱ्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली नव्हती, की एखाद्या मंडळावर नवरा-बायको दोघंही येतील.

ओरिन आला तो मनाविरुद्ध. त्या वर्षी रिकाम्या जागेसाठी एकानेही अर्ज भरला नाही. मतपत्रिकेवर नुसती कोरी ओळ. अकरा जणांनी तिच्यावर ओरिनचं नाव लिहिलं, कारण ओरिन कशालाच नाही म्हणत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तो तेव्हा गुरांच्या लिलावाला गेला होता. परत आला तो निवडून आलेला.

आर्डिस तेव्हा चार वर्षं अध्यक्ष होती. शपथविधी झाला आणि ट्वायलाने दोघांना बाजूला घेतलं. "हे बघा, आता तुमचं जेवणाचं टेबल म्हणजे सभा. मीठ मागा, लोणी मागा, शाळा मागू नका."

सॉल्टग्रासच्या लोकांना वाटलं, म्हणायला ठीक आहे, चार भिंतींत कोण बघतंय? कोणी बघत नव्हतं, हेच तर मला सांगायचं आहे. जवळचं घर तीन मैलांवर. हिवाळ्यात आठ-आठ दिवस तिसरं माणूस दिसत नाही. तरी तो नियम मोडला नाही. एकदाच आर्डिसच्या तोंडून निसटलं. सकाळी कॉफी ओतताना म्हणाली, "बॉयलरचा आवाज मला काही बरा वाटत नाही." ओरिनने काटा खाली ठेवला, टोपी घातली आणि गाडी काढून गेला. दुपारी पोस्टात नोटीस: 'शाळा मंडळाची सभा, गुरुवार सकाळी सहा, क्वामे यांचं स्वयंपाकघर. विषय: बॉयलर.' गुरुवारी ट्वायला वही घेऊन हजर, मागोमाग दोन शेजारी. आर्डिसने चव्वेचाळीस पॅनकेक भाजले. इतिवृत्तात तेही आहे, कारण एका शेजाऱ्याने विचारलं, हे पीठ शाळेच्या खर्चातलं का? आर्डिस म्हणाली, "माझ्या खर्चातलं, आणि तू पाचवा खातोयस तेही लिहा."

आर्डिस अशीच. चौसष्ट वर्षांची, उंच, आवाज गुरं हाकायच्या कामाचा. त्याच शाळेत शिकली, पुढे तिची आई तिथे बारा वर्षं शिकवायला होती, दोन्ही मुलगे तिथलेच. अंदाजपत्रक तिला तोंडपाठ. दर मे महिन्यात सॉल्टग्रासचे लोक मतदान करून स्वतःच्या जमिनीवर शाळेसाठी जास्तीचा कर बसवून घेतात. साठातल्या पन्नास घरांत शाळेत जाणारं मूल नाही, तरी हा कर एकदाही हरलेला नाही. ज्या देशात माणूस करासाठी शेजाऱ्याशी कोर्टात जातो, तिथे हे होतं. आर्डिसला याचं अप्रूप कधी सरलं नाही. प्रत्येक निकालाच्या दिवशी ती आकडा दोनदा वाचायची.

पण मुलं कमी होत गेली. यंदा सात होती, पुढच्या वर्षी चारच उरणार होती. त्यातली ब्रिन सहावीत, वर्गात एकटी. जानेवारीत बॉयलर अखेर बसला आणि नवा घालायला एकेचाळीस हजार डॉलर लागणार असं निघालं. तिसरा सभासद लाइल ह्रुस्का याने ठराव मांडला: जूनमध्ये शाळा बंद करावी आणि मुलांना चौतीस मैलांवरच्या गावच्या शाळेत पाठवावं. मार्चच्या सभेत मत होईल असं ठरलं.

लाइल वाईट माणूस नाही. त्याने राज्याकडून आलेला परीक्षांचा अहवाल टेबलावर टाकला. मुलं इतकी थोडी, की गुण छापले तर कुणाचे ते लगेच कळेल. म्हणून राज्य प्रत्येक चौकटीत आकड्याऐवजी चांदणी छापतं. पानभर चांदण्या.

"हे काय, शाळा आहे का आभाळ?" लाइल म्हणाला. "आपली मुलं हुशार का ढ, बाहेरच्या कुणाला सांगता येईल का?"

"मला येईल," आर्डिस म्हणाली. "ब्रिन मागच्या महिन्यात आठवीची गणितं सोडवत होती."

"कुणाच्या पुढे जायला? शेजारी बाकच नाही."

ओरिन ते पान उचलून चांदण्या बघत बसला.

हिशेब सरळ होता. लाइलचं मत बंदच्या बाजूने, आर्डिसचं विरुद्ध. म्हणजे शाळा राहणार की जाणार हे ओरिनच्या हातात. आणि तो माणूस रोज रात्री तिच्या शेजारी झोपत होता, आणि तिला विचारायची सोय नव्हती.

फेब्रुवारीत तो पहाटे उठून गाडी घेऊन जायला लागला. साडेनऊला परत.

"कुठे जातोस रे?" तिने तिसऱ्या दिवशी विचारलं.

"त्याबद्दल बोलायचं नाही."

आर्डिसने सुटकेचा श्वास सोडला. चोरून डॉक्टरकडे जात नाही, शाळेचं काम आहे! मग तिच्या लक्षात आलं, आणि तिला हसूच आलं. गावच्या शाळेचा रस्ता तो मोजत असणार. खडीचा, वाऱ्यावर बर्फ वाहून येणारा, वळणावळणाचा रस्ता. असल्या रस्त्यावरून सहा वर्षांची पोरं पाठवा म्हणणाऱ्या लाइलचं तोंड ओरिन बंद करणार. तिने जास्तीचा थर्मास भरून द्यायला सुरुवात केली. ओरिन मान हलवून घ्यायचा.

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी चार वाजता सभा भरली. वासरं होण्याचे दिवस, माणसांना झोप नाही, तरी पंचावन्न जण आले. पहिलीच्या पोरांच्या खुर्च्यांवर धिप्पाड माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती. ब्रिन आईशेजारी पहिल्या रांगेत. तासभर लोक बोलले. कोणी रडलं, कोणी बॉयलरच्या किमतीला शिव्या दिल्या. शाळेच्या शिक्षिकेने फक्त एवढंच सांगितलं, की माझी नोकरी वाचवायला म्हणून मत देऊ नका.

ट्वायलाने नावं पुकारली.

"लाइल."

"होय."

"ओरिन."

ओरिन उभा राहिला. तो सभेत कधी उभा राहत नसे. "अकरा दिवस सकाळी मी त्या रस्त्याने गाडी नेली. एक तास दहा मिनिटं. दोनदा बर्फात अडकलो. रस्ता वाईट आहे." तो थांबला. आर्डिसने पेन खाली ठेवलं होतं. "पण जाता येतं. होय."

तो बसला. कुणाला काही कळेना. लाइलसुद्धा त्याच्याकडे बघत राहिला.

"आर्डिस," ट्वायला म्हणाली, जरा हळू.

"नाही," आर्डिस म्हणाली. मग अध्यक्ष म्हणून, त्याच आवाजात, "ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर. इमारत आणि सामान यांचा विषय पुढच्या महिन्यात. कुणाची काही सूचना?" पंचावन्न माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. त्यांच्यात तिचं वाईट चिंतणारे दोघं-तिघं होते, त्यांनीही टोप्या काढल्या.

लोक पांगल्यावर तिने कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर चार ओळी लिहिल्या आणि ट्वायलापुढे सरकवल्या. राजीनामा.

"रागाने करू नकोस गं," ट्वायला म्हणाली.

"राग नाही. मला माझ्या नवऱ्याशी बोलायचंय."

ट्वायलाने घड्याळ बघून वेळ टाकली. "सव्वापाच. लागू व्हायला बहात्तर तास लागतात. तोवर मागे घेता येतो."

"म्हणजे?"

"म्हणजे शुक्रवारी सव्वापाचपर्यंत गप्प."

"तू माझी थट्टा करतेयस."

"कायदा करतोय. मी फक्त लिहून ठेवते."

घरी जाताना अकरा मैल दोघं एका गाडीत. वायपरचा आवाज. बुधवारी रात्री एका गायीचं वासरू आडवं आलं. दोघांनी साखळी लावून ओढलं, कोपरापर्यंत रक्त, श्वास एकमेकांच्या तोंडावर, आणि बोलणं फक्त "आता", "थांब", "आता". गुरुवारी तिने कपडे धुतले. त्याने कुंपण दुरुस्त केलं. मला विचाराल तर ह्या तीन दिवसांपुढे आधीची एकोणीस वर्षं सोपी. तेव्हा विचारायचं काय हे तिला नेमकं माहीत नव्हतं, आता माहीत होतं.

शुक्रवारी पाच वाजता ओरिन कोठारातून आला, हात धुतले आणि टेबलाशी बसला. मांस आणि बटाटे ओव्हनमध्ये होते. आर्डिस ओव्हनवरच्या घड्याळासमोर हात बांधून उभी. पाच पंधरा. तिने आणखी एक मिनिट जाऊ दिलं.

"ओरिन, का?"

त्याने लगेच उत्तर दिलं, जणू तोही घड्याळ बघत होता. "आठ वर्षं त्या शाळेत माझ्या वर्गात मी पहिला आलो. आणि शेवटचा पण मीच."

आर्डिसला आधी कळलंच नाही. ती त्याच्या चार वर्षं पुढे. तिच्या वर्गात पाच मुली होत्या, त्यातल्या तिघी अजून नाताळला पत्रं पाठवतात. त्याच्या वर्गात कोण होतं हे तिने कधी मोजलं नव्हतं.

"चौदाव्या वर्षी गावच्या हायस्कुलात गेलो. वर्गात साठ. मास्तर म्हणाले, जोडीदार निवडा. आर्डिस, जोडीदार निवडतात कसा हे मला ठाऊक नव्हतं. सगळे उठले, मी बसून राहिलो. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीपर्यंत, तीन महिने, मी सफाईवाल्याबरोबर तळघरात डबा खाल्ला. लोक म्हणतात ओरिन अबोल. मी अबोल नाही. मला सरावच नव्हता."

"मग हे सभेत का नाही सांगितलंस? लोकांना पटलं असतं."

"ब्रिन समोर बसली होती. तिच्या तोंडावर सांगू, की पोरी, तू एकटी आहेस?"

आर्डिस खुर्चीवर बसली. "अडतीस वर्षांत मला सांगितलं नाहीस."

"पहिली एकोणीस तू विचारलं नाहीस. पुढची एकोणीस बोलायची बंदी होती."

हा माणूस दोन्ही पोरांना वह्या-पुस्तकांसकट गाडीत घालून त्याच शाळेच्या दारात सोडत आला होता. ती भरभरून शाळेचं कौतुक करायची तेव्हा शेजारी बसून मान हलवत होता. महिनाभर तिचा थर्मास घेऊन तिच्या विरुद्धचं मत पक्कं करायला जात होता, आणि ते तिला सांगणं बेकायदा होतं म्हणून सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, आपण ज्या कायद्याचा एवढा अभिमान मिरवला, तो खरा कोणी पाळला असेल तर ह्याने.

"मी अजूनही नाहीच म्हणेन," ती म्हणाली.

"म्हण की."

"ब्रिनबद्दल तू म्हणतोस ते पटतं. पण बाकीची तीन लहान आहेत. एक तास दहा मिनिटं, ओरिन."

"म्हणून तर अकरा वेळा गेलो. दहाव्या वेळेपर्यंत माझंही नाहीच होतं."

मग तो बोलत राहिला. बटाटे करपल्याचा वास आला तेव्हा तिने उठून ओव्हन बंद केला आणि परत येऊन बसली. अकराव्या सकाळी गावच्या शाळेसमोर थांबला तेव्हा शाळा भरायच्या आधी पोरं कशी एकमेकांना हाका मारत होती ते त्याने सांगितलं. बसच्या ड्रायव्हरचं नाव सांगितलं. मग म्हणाला, "तुझी आई नसती तर मी इथेही टिकलो नसतो."

"आई? तिचं काय?"

"पाचवी-सहावीचे दोन हिवाळे. मधल्या सुट्टीत मोठी पोरं बाहेर जायची, मला कोणी घ्यायचं नाही. ती चेकर्सचा पट काढून माझ्यासमोर बसायची. रोज. कॉफी गार करायची, पण उठायची नाही."

आर्डिसची आई जाऊन बावीस वर्षं झाली होती. आर्डिसला वाटत होतं, आता तिच्याबद्दल नवं कळण्यासारखं काही उरलेलं नाही.

"तुला जिंकू द्यायची?"

"एकदाही नाही," ओरिन म्हणाला, आणि मिठाची डबी मध्ये घेऊन आईच्या सोंगट्या कशा पुढे यायच्या ते टेबलावर दाखवायला लागला.